नव्या जन्माची तारीखच आठवत नाही, मग तारण झालंय की नाही?

गच्चीवरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलेला प्रत्येक जण तारीख सांगतो. अमुक साली अमुक महिन्यात, शेवटचं गीत चालू असताना मी पुढे गेलो, रडलो, प्रभूला स्वीकारलं आणि माझा नवा जन्म झाला. कित्येकांनी तर बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर ती तारीख लिहून ठेवलीये, खाली रेघ मारून. माझ्याकडे तारीख नाही. म्हणजे आहेत, पण अकरा-बारा आहेत आणि तोच घोळ आहे.

झालं असं की मी नऊ-दहा वर्षांचा असेन, शाळेतून घरी आलो तर दार सताड उघडं. पंखा चालू. आईच्या चपला दाराशी, चष्मा टेबलावर. हाक मारली, कुणी ओ देईना. ताईच्या खोलीत ताई नाही, तिचं पुस्तक पलंगावर पालथं घातलेलं, म्हणजे वाचता वाचता उठून गेल्यासारखं. आणि आदल्याच रविवारी संडे स्कूलमध्ये आम्हाला मत्तय २४ शिकवलेला, दोघे शेतात असतील, एकाला घेतलं जाईल आणि एकाला ठेवलं जाईल. मी तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसलो. मला एकदम कळलंच की झालं, येशू येऊन गेला, सगळ्यांना नेलं आणि मी राहिलो. रडायलाही आलं नाही. किती वेळ बसलो काय माहीत, मग वरून हसण्याचा आवाज आला म्हणून जिना चढून गेलो तर दोघी गच्चीवर, अनवाणी, वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, दोन टोकं हिच्या हातात दोन तिच्या. आई म्हणाली काय रे, भूत बघितल्यासारखा काय बघतोयस. मी काही बोललो नाही.

त्या रात्री पांघरुणात तोंड घालून पश्चात्तापाची प्रार्थना केली. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग शिबिरात. मग दहावीच्या सुट्टीत. प्रत्येक वेळी वाटायचं की मागच्या वेळी मनापासून नव्हतं बहुतेक. बाप्तिस्मा सतराव्या वर्षी घेतला आणि पाण्यातून वर येतानाही डोक्यात हाच विचार की आता तरी पक्कं झालं असेल ना.

आज वय चौतीस. विश्वास सोडलेला नाही, प्रार्थना करतो, वचन वाचतो, पण तारण पावलास का, म्हणजे देवाने तुला पापातून वाचवलंय का, असं कुणी विचारलं की हो म्हणताना जीभ अडते. भीतीपोटी केलेली प्रार्थना चालते का? एकदा झालेलं तारण जातं का? आणि हे रॅप्चर प्रकरण, म्हणजे येशू येऊन आपल्या लोकांना वर उचलून नेणार ते, खरंच बायबलमध्ये असंच आहे का जसं मला शिकवलं? हे आत्ता विचारायचं कारण म्हणजे माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि परवा झोपताना म्हणाली, बाबा येशू आला तर मलापण नेईल ना. मी हो म्हणालो, पण अर्धा सेकंद उशिरा म्हणालो आणि तिला तो अर्धा सेकंद कळला असं मला वाटतंय.

---

जुनी_वही

भाऊ, आधी तारखेचं बघू कारण सगळी गाठ तिथेच बसलीये.

नव्या जन्माचा विषय निघतो तो योहान ३ मध्ये. निकदेम रात्री येशूकडे येतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, मोठा माणूस, शास्त्र कोळून प्यायलेला. येशू म्हणतो नव्याने जन्मल्यावाचून देवाचं राज्य पाहता येत नाही. आता इथे ग्रीकमध्ये शब्द आहे 'अनोथेन', आणि त्याचे अर्थ दोन, एक 'पुन्हा' आणि दुसरा 'वरून'. निकदेम ऐकतो 'पुन्हा', म्हणून विचारतो म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल. येशूच्या बोलण्यात मात्र 'वरून' पण आहे, देवाकडून. मराठीत 'नव्याने' म्हटलं की ती गंमत निम्मी उडते, भाषांतर करणाऱ्याचा दोष नाही, आपल्याकडे दोन्ही अर्थांचा एक शब्दच नाही.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. जन्माचं उदाहरण घेतलं म्हणजे काय? जन्मणारं मूल स्वतः काय करतं? काही नाही. जन्म त्याला दिला जातो. आणि स्वतःचा जन्म कुणाला आठवतो? तारीख आपल्याला दुसऱ्याने सांगितलेली असते. जिवंत आहोत हे आपण दाखल्यावरून ठरवतो का श्वासावरून? पुढे आठव्या वचनात येशू वाऱ्याचं उदाहरण देतो, वारा हवा तिकडे वाहतो, आवाज ऐकू येतो पण कुठून आला कुठे चालला कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्याचं असंच आहे. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा दोन्हीला एकच शब्द, 'न्यूमा'. आता ज्याच्याबद्दल खुद्द येशू म्हणतो की कुठून आलं कळत नाही त्याचा आपण दिवस-महिना-साल मागत बसलोय.

नव्या करारात तारीखवाले लोक आहेत, नाही असं नाही. पौल आहे, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पडला. पण त्याच पौलाचा लाडका तीमथ्य बघा. त्याच्याबद्दल काय लिहिलंय, तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग आई युनीके हिच्यात, आणि तुला बालपणापासून शास्त्र माहीत आहे. बस. तीमथ्याला साक्ष द्यायला उभं केलं असतं तर तुमच्यासारखाच चाचरला असता.

आणि तारीख असून तरी काय होतं. मेथडिस्ट पंथाच्या संस्थापकाची, जॉन वेस्लीची, तर वेळसुद्धा नोंदलेली आहे, २४ मे १७३८, रात्रीचे साधारण पावणेनऊ, लंडनच्या अल्डर्सगेट स्ट्रीटवर सभेत कुणीतरी प्रोटेस्टंट सुधारक ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचत होतं आणि याचं मन विलक्षण ऊबदार झालं. सगळ्या मेथडिस्टांना हा दिवस पाठ असतो. पण ४ जानेवारी १७३९ ची त्याच्या रोजनिशीतली नोंद फार कुणी सांगत नाही. त्यात तो लिहितो की मी आत्ताही ख्रिस्ती नाही. म्हणजे आठ महिनेही झाले नव्हते. पावणेनऊपर्यंत वेळ माहीत असलेल्या माणसाची ही गत, तर तुम्ही कशाला जिवाला लावून घेता.

राहिली ती प्रार्थना. हात वर करा, पुढे या, माझ्यामागे म्हणा, ही पद्धत प्रेषितांच्या कृत्यांत कुठेही या रूपात नाही. तिथे पश्चात्ताप आहे, विश्वास आहे, बाप्तिस्मा आहे. लोकांना पुढच्या बाकावर बोलावून निर्णय घ्यायला लावणं हे १९ व्या शतकात अमेरिकेतल्या उज्जीवन सभांमधून फोफावलं, चार्ल्स फिनी वगैरे प्रचारकांमुळे. वाईट आहे असं म्हणत नाही, माझीही सुरुवात तशीच झाली. पण तो मंत्र नाही की एक शब्द चुकला तर फळ नाही.

---

पहारेकरी

प्रेझ द लॉर्ड. बंधू, तुमची पोस्ट वाचून वाईट वाटलं पण मला वरच्या उत्तराची जरा काळजी वाटते. सगळं इतकं मऊ करून टाकलं तर माणूस झोपूनच जाईल. २ करिंथ १३:५ स्पष्ट म्हणतं तुम्ही विश्वासात आहात की नाही याची परीक्षा करा. आणि १ योहान ५:१३ म्हणतं की तुम्हाला सार्वकालिक जीवन आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलंय. कळावं! अंदाज बांधावा असं नाही. तेव्हा तारीख नसली तरी खात्री मात्र पाहिजे, आणि नसेल तर ती आजच करून घ्या, उद्यावर ढकलू नका.

रॅप्चर बायबलमध्ये आहेच. १ थेस्सल ४:१६-१७, प्रभू स्वतः आज्ञाध्वनी करत, आद्यदूताच्या वाणीने आणि देवाच्या तुतारीने स्वर्गातून उतरेल, ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण जिवंत उरलेले मेघारूढ होऊन वर घेतले जाऊ. मग दानीएल ९ मधला सत्तरावा आठवडा म्हणजे सात वर्षांचं महासंकट, ख्रिस्तविरोधी, श्वापदाची खूण, हर्मगिदोनची लढाई, प्रभूचं पृथ्वीवर येणं, हजार वर्षांचं राज्य, सैतानाची शेवटची उठावणी, मोठं पांढरं राजासन, आणि मग नवं आकाश नवी पृथ्वी. हा क्रम आहे. युद्धं, भूकंप, खोटे ख्रिस्त, सगळी चिन्हं दाट होत चाललीयेत, खरेदी-विक्रीला चिप लावायच्या गोष्टी चालल्यात, आणि आपण इथे ग्रीक शब्दांच्या गमती सांगत बसलोय. लहानपणी तुम्हाला भीती वाटली ती कदाचित देवाचीच दया असेल. भीतीने का होईना माणूस नोहाच्या तारवात चढला तर वाचतो ना.

---

शेवटचा_बाक

पहारेकरी दादा, तुमची कळकळ कळते पण हा जो क्रम दिलात तो असा एका जागी बायबलमध्ये कुठेच नाही हे तरी मान्य करा. थोडं दानीएलमधून, थोडं थेस्सलनीकातून, थोडं मत्तयमधून, बाकी प्रकटीकरणातून, असं शिवून तयार केलेलं आहे ते. हजार वर्षांचं राज्य फक्त प्रकटीकरण २० मध्ये आहे, दुसऱ्या कुठल्या अध्यायात नाही. ख्रिस्तविरोधी हा शब्द तर अख्ख्या प्रकटीकरणात एकदाही नाही, तो फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे तर लिहिलंय की पुष्कळ ख्रिस्तविरोधी आत्ताच उठलेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शब्दसूची काढून तपासलं होतं, खोटं वाटत होतं.

महासंकटाच्या आधी मंडळी (म्हणजे चर्च, सगळे विश्वासणारे) गुपचूप उचलली जाणार आणि मग सात वर्षांनी प्रभू उघडपणे येणार, अशी दोन टप्प्यांची मांडणी जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने १८३० च्या सुमारास पुढे आणली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटीपांनी ती घरोघरी नेली. वचन कुठे संपतं आणि टीप कुठे सुरू होते हे वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. त्याआधी १८०० वर्षं ख्रिस्ती लोक येशूची वाट बघत नव्हते का? बघत होतेच. पण पाचव्या शतकातल्या ऑगस्टिनसारखा माणूस ती हजार वर्षं म्हणजे मंडळीचा सध्याचाच काळ असं धरत होता. प्युरिटन (कडक शिस्तीच्या इंग्रज प्रोटेस्टंट) लोकांतल्या बऱ्याच जणांना वाटायचं आधी सुवार्तेने जग बदलेल आणि मग प्रभू येईल. तिन्ही मतांची माणसं प्रभू परत येणार, मेलेले उठणार आणि न्याय होणार हे सारखंच मानतात. भांडण वेळापत्रकाचं आहे.

आता गच्चीवरचा, तुझ्या भिंतीपाशी येतो. (अरेतुरे करतोय, राग मानू नकोस, वय जवळपासच आहे.) मत्तय २४:४० ज्याने तुला खाली बसवलं, त्याच्या फक्त दोन ओळी वर वाच. नोहाच्या दिवसांत लोक खातपीत होते, लग्नं करत होते आणि जलप्रलय येऊन सगळ्यांना वाहवून नेईपर्यंत त्यांना कळलं नाही, मनुष्याच्या पुत्राचं येणं तसंच होईल. मग लगेच, एकाला घेतलं जाईल, एकाला ठेवलं जाईल. मग सांग, नोहाच्या गोष्टीत नेलं कुणाला? बुडाले त्यांना. मागे राहिला कोण? नोहा. लूक १७ मध्ये शिष्य विचारतात प्रभू, कुठे नेणार, तर उत्तर येतं जिथे प्रेत तिथे गिधाडं. म्हणजे पुष्कळ अभ्यासकांच्या मते 'ठेवला गेलेला' तोच सुखरूप आहे. तू नऊ वर्षांचा असताना ज्याला घाबरलास ते कदाचित उलटं वाचलेलं होतं यार.

आणि १ थेस्सल ४:१७ मधलं 'सामोरे' लक्षात घ्या. आपल्या मराठी बायबलात प्रभूला सामोरे होण्यासाठी असंच आहे आणि तो शब्द फार नेमका पडलाय. सामोरं कशाला जातात? येणाऱ्याला मानाने आत घेऊन यायला. ग्रीक 'अपांतेसिस' पण तसाच वापरला जायचा, राजा किंवा मोठा अधिकारी आला की गावाबाहेर जाऊन त्याला घेऊन परत यायचं. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोममधले बंधू पौलाला सामोरे येतात आणि मग सगळे मिळून रोमलाच जातात, उलटे कुठे निघून जात नाहीत. दहा कुमारींच्या दाखल्यातही तोच शब्द. म्हणजे प्रवासाची दिशा खाली आहे, वर नाही. प्रकटीकरण २१ मध्येही नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं, माणसं वर चढत नाहीत.

चिपचं म्हणाल तर श्वापदाच्या ६६६ या आकड्यावरून आजवर पोप, नेपोलियन, हिटलर सगळे होऊन गेले. 'नेरोन कैसर', म्हणजे रोमी सम्राट नेरोचं ग्रीक वळणाचं नाव, हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली की ६६६ येते, आणि लॅटिन पद्धतीने शेवटचं 'न' गाळलं की ६१६, आणि गंमत म्हणजे काही जुन्या हस्तलिखितांत आकडा खरंच ६१६ आहे. म्हणजे पहिल्या वाचकांना बहुधा आपल्या डोक्यावर बसलेलाच कुणीतरी दिसत होता, बारकोड नाही.

प्रभूच्या येण्याच्या तारखा काढणाऱ्यांचं तर विचारूच नका. विल्यम मिलरने हिशेब केला, त्याच्या मागच्या हजारो लोकांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, कित्येकांनी उभी पिकं कापली नाहीत, रात्रभर जागले, सकाळ नेहमीसारखी उजाडली. हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, मग २१ ऑक्टोबर, आणि पुढच्या वर्षी चूक कबूल केली. मत्तय २४:३६ तिथेच, त्याच अध्यायात आहे, तो दिवस देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला ठाऊक.

---

पहारेकरी

शेवटचा_बाक, तारखा काढणाऱ्यांचा मीही विरोधकच आहे, त्यांच्यात मला ढकलू नका. पण नोहाचं अर्धंच सांगितलंत. प्रलयाने 'नेलं' तिथे ग्रीक क्रियापद वेगळं आहे आणि 'घेतलं जाईल' तिथे वेगळं. हे दुसरं क्रियापद म्हणजे योहान १४:३ मध्ये येशू म्हणतो ना, मी पुन्हा येऊन तुम्हाला आपल्याजवळ घेईन, तेच. म्हणजे ते आपुलकीचं घेणं आहे. आम्हीसुद्धा नुसते तक्ते टांगत नाही, थोडाफार अभ्यास करतो.

---

शेवटचा_बाक

हा मुद्दा बरोबर आहे, मानतो. पण तेच क्रियापद सैनिक येशूला ताब्यात घेतात तिथेही आहे, मत्तय २७:२७. तेव्हा नुसत्या शब्दावरून निकाल लागत नाही, संदर्भ बघावा लागतो, आणि संदर्भ माझ्या मते नोहाचा आहे. पण यावर चांगली देवभीरू माणसं दोन्ही बाजूंना आहेत, आणि मला तेवढंच म्हणायचंय की ज्यावर एकमत नाही त्याने नऊ वर्षांच्या पोराला घाबरवू नये.

---

मेणबत्ती

मी कॅथलिक आहे त्यामुळे इथे जरा बाहेरची, तरी लिहिते.

आमच्याकडे नवा जन्म म्हणजे बाप्तिस्मा. योहान ३:५ मध्ये पाणी आणि आत्मा दोन्ही आहेत, आणि तीताला ३:५ मध्ये नव्या जन्माचं स्नान असा शब्दच आहे. माझी तारीख चर्चच्या रजिस्टरमध्ये आहे, मी एक महिन्याची होते, आई सांगते थंड पाणी लागल्यावर अख्खं चर्च डोक्यावर घेतलं होतंस. म्हणजे वरच्या दादांचं ते मूल काही करत नाही हे आम्ही शब्दशः घेतो 🙂 बॅप्टिस्ट किंवा पेंटेकॉस्टल मंडळींना हे पटत नाही, ते म्हणतात आधी विश्वास मग पाणी, तो वाद सोळाव्या शतकापासून चालू आहे आणि या धाग्यात मिटणार नाही.

पण गच्चीवरचे दादा, तुमचा त्रास मला क्रियापदाच्या काळाचा वाटतो. तुम्ही 'तारण झालं का' असा एकच प्रश्न धरून बसलाय. पौल तीन्ही काळांत बोलतो. इफिस २:८ मध्ये कृपेने तारण झालेलं आहे. १ करिंथ १:१८ मध्ये ज्यांचं तारण होत आहे ते. रोम ५:९ मध्ये आपण तारले जाऊ. झालंय, होतंय, होईल. आम्हाला कुणी तारण पावलीस का विचारलं तर आम्ही गोंधळतो कारण आमच्यासाठी तो पूर्ण झालेला व्यवहार नाही, चालू असलेली वाट आहे. ऑर्थोडॉक्स मंडळी तर त्याला हळूहळू देवाच्या जीवनात सहभागी होणं म्हणतात, आजारातून बरं होण्यासारखं.

खात्रीबद्दल सांगायचं तर आमच्या चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) म्हटलंय की देवाने खास प्रकट केल्याशिवाय मी नक्की तारलेल्यांपैकीच आहे असं कुणी ठामपणे म्हणू नये. पहिल्यांदा ऐकताना भीतिदायक वाटेल पण मला त्याने उलट मोकळं केलं. सतत स्वतःची नाडी बघत बसायची गरज नाही. चुकलं की कन्फेशनला (फादरसमोर पापकबुलीला) जायचं, उठायचं, चालायला लागायचं. आम्ही त्याला आशा म्हणतो.

हां, आणि प्रोटेस्टंट भावांना एक चिमटा काढल्याशिवाय राहवत नाही. 'केवळ विश्वासाने' हे शब्द बायबलमध्ये एकत्र फक्त याकोब २:२४ मध्ये येतात आणि तिथे वाक्य असं आहे की माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कृतींनी देवापुढे नीतिमान ठरतो. ल्यूथरला ते पत्र इतकं खुपलं की १५२२ च्या प्रस्तावनेत त्याला गवताचं पत्र म्हणाला.

---

जुनी_वही

ताई चिमटा पोचला 😄 पण रोम ३:२८ आणि गलती २:१६ पण वाचा की, नियमशास्त्राच्या कर्मांवाचून. याकोब ज्याला झोडतोय तो नुसता तोंडाचा विश्वास आहे, देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथरतात असं तोच म्हणतो. आणि हा वाद बराच निवळलाय बरं का, ३१ ऑक्टोबर १९९९ ला ऑग्सबर्गमध्ये लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्चने नीतिमान ठरण्याच्या शिकवणीवर एकत्र घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्टही आले. कृपेनेच स्वीकारलं जातो आणि त्यातून चांगली कामं होतात, असं दोघे मिळून म्हणतात. सगळं मिटलं नाही पण शिव्या देणं तरी थांबलं.

एकदा झालेलं तारण जातं का हे राहिलंच. योहान १०:२८ म्हणतं माझ्या हातून त्यांना कुणी हिसकावणार नाही. इब्री ६:४-६ म्हणतं एकदा प्रकाश मिळून पतन पावलेल्यांना परत पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. कॅल्व्हिनच्या वळणाच्या लोकांनी १६१८-१९ च्या डॉर्टच्या सिनडमध्ये (धर्मसभेत) पहिली बाजू पक्की केली, देव ज्याला धरतो त्याला शेवटपर्यंत धरतो. आर्मिनियसच्या आणि वेस्लीच्या वळणाचे म्हणतात माणूस हात सोडवून घेऊ शकतो. पण एक बघा, दोन्ही बाजूंचे पाळक तुमच्यासारख्याला सांगतात एकच. इब्रीमधला इशारा पाठ फिरवून निघून गेलेल्यांना आहे. निघून गेलेला माणूस चौतीसाव्या वर्षी झोप उडवून हा प्रश्न विचारत नाही.

---

विचारतो_फक्त

मी ख्रिस्ती नाही, सहज वाचत आलो. एक शंका, नवा जन्म म्हणजे आपला पुनर्जन्म नाही ना? आणि तारण म्हणजे मोक्षच का?

---

जुनी_वही

नाही, आणि विचारलंत बरं केलंत कारण मराठीत शब्द जवळजवळचे असल्याने खूप घोटाळा होतो. पुनर्जन्म मेल्यावर, दुसऱ्या देहात. इथला नवा जन्म याच आयुष्यात, याच देहात, आतून. इब्री ९:२७ तर म्हणतं माणसाला एकदाच मरण आणि नंतर न्याय, म्हणजे फेरा नाही. मोक्षात साधारणपणे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असते, वेगवेगळी दर्शनं वेगवेगळं सांगतात ते तुम्हाला जास्त माहीत. ख्रिस्ती आशा देहातून सुटण्याची नाही, देह परत मिळण्याची आहे, पुनरुत्थान. येशू उठल्यावर शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, लूक २४, हे मुद्दाम लिहिलंय, भूत नाही हे दाखवायला. आत्मा उडून ढगात वीणा वाजवत बसतो हे चित्र बायबलपेक्षा कॅलेंडरवरून जास्त आलंय.

---

गच्चीवरचा

सगळ्यांचे आभार, प्रत्येकाचं दोनदा वाचलं. पहारेकरी दादा तुमचंही, खरंच.

काल रात्री आईला फोन केला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्या दिवसाचं सांगितलं. म्हणाली कुठल्या चादरी? तिला काही म्हणजे काही आठवत नाही. मग मी विचारलं तुझ्या बायबलमध्ये ती तारीख आहे ना पहिल्या पानावर, १४ मार्च, त्या दिवशी नक्की काय झालं होतं गं. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली अरे ती अंदाजाने टाकलीये, महिलांच्या सभेत सगळ्यांना लिहायला सांगितलं होतं, शेजारच्या बाईने मार्च लिहिलं म्हणून मीपण मार्च लिहिलं. मी लहानपणी ते पान उघडून त्या तारखेवरून बोट फिरवायचो, तिच्याकडे आहे माझ्याकडे नाही म्हणून.

मुलीला अजून काही सांगितलं नाही. तिने परत विचारलं नाही. विचारलं तर यावेळी लगेच हो म्हणेन, तीमथ्याची आजी डोळ्यासमोर ठेवून.

जुनी_वही काका, निकदेमाचं पुढे काय झालं हे बघायला योहान वाचत सुटलो. सातव्या अध्यायात तो इतर परूश्यांसमोर येशूच्या बाजूने एकच वाक्य बोलतो, तेही प्रश्नासारखं, आणि गप्प केला जातो. मग एकदम एकोणिसाव्या अध्यायात, येशू मेल्यावर, बहुतेक शिष्य पळालेले असताना हा येतो, गंधरस आणि अगरूचं मिश्रण घेऊन. तो विश्वास कधी ठेवायला लागला हे योहान सांगतच नाही. मूळ ग्रीकमध्ये शंभर लित्रा आहे असं कुठेतरी वाचलं, म्हणजे किती होतं?

---

पहारेकरी

रोमी लित्रा साधारण ३२७ ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ ३३ किलो. मी एकदा मुलांना दाखवायला पोत्यात तेवढी वाळू भरून वर्गात आणली होती, दाराशीच ठेवावी लागली, आतपर्यंत एकट्याने नेववेना.

मी संडे स्कूल घेतो, बावीस वर्षं. मत्तय २४ दर वर्षी घेतो आणि एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल म्हणताना मुद्दाम एका मुलाला उभं करतो आणि शेजारच्याला बसवतो, लक्षात राहावं म्हणून. बसवलेलं मूल घरी जाऊन काय करतं हे कधी मनात आलं नव्हतं. माझं मत बदललेलं नाही, प्रभू केव्हाही येईल असंच मी मानतो. पण येत्या रविवारी धडा तोच आहे, पुस्तकात त्याच क्रमाने येतो. बघतो काय करता येतं ते.